फाटकाचं माप

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, बेअरिंगच्या शेडमागे
ती उभी होती, विटांवर, एक चाक काढलेली
चाकांवरची खोली.
बिपिनभाई कंसारा म्हणाले, बेन, अंदरथी जुओ,
आणि आधी कुलूप उघडलं, मग नाक दाबलं.
उंदीर मेला होता कुठेतरी.

मी पर्समधून टेप काढली.
दांडिया बाजारात बावीस वर्षं ब्लाउज बेतते मी,
बाई दारातून आत येतानाच मला तिचा खांदा कळतो.
घर मात्र असं कधी मापलं नव्हतं.
पलंग पाच फूट दहा. हेमराज पाच अकरा,
गुडघे दुमडेल, दुमडू दे.
ओटा दोन फूट चार: कुकर किंवा कढई, दोन्ही एकदम नाही.
खिडक्या तीन. पडदे मीच शिवणार, बिनअस्तराचे,
म्हणजे उजाडलेलं कळेल.
संडास एवढा, की बसताना
दाराची परवानगी घ्यावी लागेल.

हेमराज खाली वाकून अ‍ॅक्सल बघत होता.
फॅक्टरी बंद झाल्यापासून
कशासमोर तरी आनंदानं वाकलेला
पहिल्यांदाच.

बिपिनभाईंनी ती स्वतः बांधली होती, दोघांसाठी.
आधी कच्छ, मग हिमाचल असं ठरलं होतं.
कच्छपर्यंत गेली.
एवढंच बोलले, पैसे न मोजता खिशात ठेवले,
आणि फळीवरचा तांब्याचा डबा घ्यायला विसरले.
किंवा विसरले नाहीत.

आरटीओच्या फॉर्मात एक रकाना असतो: कायमचा पत्ता.
हेमराजचं पेन तिथे थांबलं.
मी म्हटलं, फ्लॅटचाच लिही,
भाडेकरू बरे आहेत, पत्रं ठेवतील.
ओजस म्हणाला, पत्रं कोण पाठवतं?

नणंदेला फोनवर सांगितलं, वर्षभर मुलांची ओपन स्कूल.
तिला ऐकू गेलं, उघड्यावरची शाळा.
मी दुरुस्त केलं नाही.

रविवारी भाच्याच्या बोलेरोला जोडून आणली.
सगळी सोसायटी खाली. खानविलकरांच्या हातात नारळ.
आणि ती फाटकाशी येऊन थांबली.
फाटक सात फूट दोन इंच.
ती सात फूट सहा.

तांदळाचा डबा मापला होता मी, मिहिकाची झोपायची जागा,
पुढच्या वर्षी ती किती वाढेल तेसुद्धा धरून.
हे एवढंच राहिलं,
ज्यातून रोज चारदा स्कूटर काढते.

वॉचमन म्हणाला, एक खांब पाडू.
चेअरमन म्हणाले, ठराव लागेल.
नारळ या हातातून त्या हातात, शेंडीसकट.

शेवटी ती बाहेरच राहिली, कडुनिंबाखाली,
कचऱ्याच्या डब्यापासून अकरा पावलांवर.
चोरी होईल म्हणून हेमराज आत झोपायला गेला.
मग ओजस.
मग मिहिका, उशी आणि वही घेऊन.
विश्वामित्रीतल्या सोडून बाकीच्या मगरी
तिला त्या वहीत मोजायच्या आहेत.

दहा वाजता मी वर एकटी.
तीन खोल्या, सगळे दिवे चालू,
आणि फ्रिज आपल्यापुरता गुणगुणतोय.
गॅस बंद केला. पुन्हा जाऊन बघितला.
जिने उतरले, फाटक ओलांडलं
आणि दारावर टकटक केलं.

कोण? आतून मिहिका,
अगदी परक्या बाईला विचारावं तसं.

मी, म्हटलं.
त्यांनी पाय आखडले. माझ्यापुरती जागा झाली,
टेपनं सांगितली होती त्याहून दोन बोटं कमी.

पहाटे कधीतरी शेजारून एक ट्रक गेला,
आणि सगळं घर, भांड्यांसकट, जरासं हललं.
निघालो का? ओजस झोपेत म्हणाला.
मी हो म्हणणार होते.
तांब्याचा डबा अजून थरथरत होता.